अँग्लिकन डायोसिसचा बिशप : त्याच्या हातात नेमके काय असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमधल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, बिशपला राजा नेमतो, मग त्याला सरकारी अधिकारी म्हणायचे की धर्मगुरू? कॅथलिक बिशपइतकेच अधिकार त्याला असतात का? आणि मुंबईला जो अँग्लिकन बिशप होता, त्याच्या गादीचे पुढे काय झाले?

बाहेरून पाहणाऱ्याला बिशप संस्थानिकासारखा दिसतो. डोक्यावर मायटर, म्हणजे उंच टोकदार टोपी, बोटात अंगठी, हातात मेंढपाळाची आकडीची काठी. त्यामुळे पाळक भांडखोर आहे, चर्चमधले बाक हलवले, आजोबांच्या थडग्यावरचा दगड बदलायचा आहे, असे सगळे अर्ज त्याच्या टेबलावर येऊन पडतात. प्रत्यक्षात त्याच्या कामाचे तीन ढीग करावे लागतात. काही गोष्टी फक्त तोच करू शकतो. काही त्याच्या नावाने होतात, पण करणारा दुसराच असतो आणि बिशपला त्यात हात घालता येत नाही. उरलेल्या बऱ्याचशा दुसऱ्या कोणाच्या तरी संमतीशिवाय पुढे सरकतच नाहीत. पहिला ढीग लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. पुढचे सगळे या वाटणीवर उभे आहे.

आधी शब्द. ‘बिशप’ ग्रीक ‘एपिस्कोपोस’वरून आला, अर्थ वरून लक्ष ठेवणारा. मराठी बायबलात त्यासाठी ‘अध्यक्ष’ असा शब्द येतो. ‘डायोसिस’ मूळचा रोमन साम्राज्याच्या कारभारातला, म्हणजे प्रशासकीय विभाग; चर्चमध्ये तो एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश. ‘कॅथेड्रा’ म्हणजे खुर्ची, आणि बिशपची खुर्ची ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. चर्चच्या आकाराचा यात काही संबंध नाही. वेस्टमिन्स्टर ॲबी एवढी भव्य, पण आज ती कॅथेड्रल नाही. १५४० ते १५५० एवढी दहाच वर्षे होती. गंमत म्हणजे ज्या इमारतीत बिशपची खुर्ची असते तिथला कारभारी तो नसतोच. कॅथेड्रल चालवतो डीन, म्हणजे तिथला मुख्य पाळक, आणि त्याचे चॅप्टर, म्हणजे कारभारी मंडळ. बिशप तिथला ‘व्हिजिटर’, म्हणजे तपासणीचा हक्क असलेला वडीलधारा. नवखे बिशप पहिला खटका इथेच उडवतात: आपल्याच कॅथेड्रलमध्ये आपल्याला हवी तशी उपासना लावायला जातात आणि डीन नम्रपणे नियम दाखवतो.

इतिहासातला जुना भाग पटकन सांगतो. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या ऑगस्टीनने केंटमध्ये काम सुरू केले आणि कँटरबरीची गादी उभी राहिली. ६०४ मध्ये लंडन आणि रॉचेस्टर आले. मध्ययुगात बिशप हा जमीनदार, राजाचा सल्लागार आणि कधीकधी सेनापतीही होता. डरहॅमच्या बिशपला तर स्वतःची न्यायालये होती आणि तो जवळजवळ राजाच होता. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी नाते तोडले तेव्हा त्याने बिशप ठेवले, वरचा पोप काढला. अँग्लिकन बिशप जरा चमत्कारिक वाटतो त्याचे कारण हेच. साचा कॅथलिक आहे, दीक्षेची साखळी जुनी आहे, पण अपील रोमला जात नाही. गृहयुद्धाच्या धामधुमीत १६४६ मध्ये संसदेने बिशपपदच रद्द केले होते. १६६० मध्ये राजा परतला आणि त्याच्याबरोबर बिशपही.

मोठी साफसफाई मात्र १८३६ ची. तोवर एका बिशपचे उत्पन्न दुसऱ्याच्या दसपट असायचे, आणि गरीब गादीवरचा माणूस श्रीमंत गादीकडे डोळे लावून बसायचा. त्या वर्षी एक्लेसिॲस्टिकल कमिशनर्स नेमून उत्पन्ने बांधून दिली: कँटरबरी १५,००० पौंड, यॉर्क आणि लंडन प्रत्येकी १०,०००, डरहॅम ८,०००. डरहॅमची राजेशाही सत्ताही त्याच वर्षी काढून घेतली. औद्योगिक शहरांसाठी रिपन (१८३६) आणि मँचेस्टर (१८४७) या नव्या गाद्या निघाल्या. मँचेस्टरच्या वेळी असे ठरले की बिशप वाढले तरी हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या त्यांच्या जागा वाढणार नाहीत. म्हणून आजही तिथे २६ च बिशप बसतात. कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहॅम आणि विंचेस्टर हे पाच गादीच्या हक्काने, बाकीचे २१ ज्येष्ठतेने. २०१५ च्या कायद्याने या ज्येष्ठतेच्या रांगेत स्त्री बिशपना तात्पुरते पुढे घेतले. ग्लॉस्टरच्या रेचल ट्रीवीक ही अशी पहिली स्त्री. डायोसिसची गादी मिळालेली इंग्लंडमधली पहिली स्त्रीही तीच. २०१४ मध्ये यॉर्कशरमधले तीन डायोसिस मिळून लीड्स झाला, तेव्हापासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये एकूण ४२ डायोसिस आहेत. त्यातला एक युरोप खंडातल्या मंडळ्यांसाठी आहे.

आता नेमणूक. ‘राजा नेमतो’ हे कागदावर खरे आहे, पण राजाच्या टेबलावर नाव पोचेपर्यंत निवड झालेली असते.

गादी रिकामी होते ती निवृत्तीने, बदलीने किंवा मृत्यूने. निवृत्तीचे वय ७०. गादी रिकामी झाली की डायोसिसमधली ‘व्हेकन्सी इन सी’ समिती दोन कामे करते. पहिले, डायोसिसची गरज काय आहे याचे निवेदन लिहिते. दुसरे, आपल्यातून सहा जण निवडून क्राउन नॉमिनेशन्स कमिशनवर पाठवते. या कमिशनवर मत देणारे १४: दोन आर्चबिशप (कँटरबरी आणि यॉर्कचे, म्हणजे बिशपांचे वरिष्ठ), जनरल सिनड या चर्चच्या राष्ट्रीय सभेचे सहा (तीन पाळकवर्गातले, तीन सामान्य सभासद) आणि डायोसिसचे हे सहा. नेमणुकांचे दोन सचिव, एक आर्चबिशपांचा आणि एक पंतप्रधानांचा, बसतात पण मत देत नाहीत. लांब यादी, छोटी यादी, मुलाखती, मग गुप्त मतदान. दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे १४ पैकी १०.

घोडे अडते ते इथे. स्त्रियांची दीक्षा, समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना या विषयांवर पाच जण एका बाजूला घट्ट बसले की कोणाचेच नाव पुढे जात नाही. कार्लाइल आणि ईली या दोन गाद्यांच्या वेळी हेच झाले. कमिशन नाव न ठरवताच उठले आणि गादी आणखी रिकामी राहिली. बाहेरचे लोक याला ‘राजकारण’ म्हणून हात झटकतात. मला हा हिशेबाचा प्रश्न वाटतो: १४ जणांत पाचांचा नकाराधिकार ठेवला की असे कधीतरी होणारच. दहाचा आकडा खाली आणला तर मात्र अल्पमताला न मानवणारा बिशप त्यांच्या डोक्यावर बसतो. सोपा मार्ग यात नाही.

नाव ठरले की ते पंतप्रधानांकडे जाते. पूर्वी दोन नावे जायची आणि पंतप्रधान त्यांतले एक उचलू शकत. २००७ पासून पंतप्रधानांनी पहिले नाव जसेच्या तसे राजाकडे पाठवायचे असा प्रघात पडला. मग जाहीर घोषणा होते. पण घोषणा झाली म्हणजे माणूस बिशप झाला असे नाही, आणि वर्तमानपत्रे इथे हमखास चुकतात. पुढच्या पायऱ्या अशा:

१. राजा कॅथेड्रलच्या कॉलेज ऑफ कॅनन्सला, म्हणजे तिथल्या मानकरी पाळकांच्या मंडळाला, निवडणुकीची परवानगी पाठवतो, आणि त्याच पाकिटात कोणाला निवडायचे ते नावही पाठवतो. हेन्रीच्या काळात दुसरे नाव निवडले तर जबर शिक्षा होती. ती शिक्षा १९६७ मध्ये कायद्यातून गेली, पाकीट मात्र अजून तसेच जाते.

२. निवडणुकीची कायम मंजुरी. आर्चबिशपचा व्हिकार-जनरल, म्हणजे त्याचा कायदेशीर प्रतिनिधी, न्यायालय भरवतो, दक्षिणेकडच्या (कँटरबरीच्या) प्रांतासाठी बहुधा लंडनच्या सेंट मेरी-ल-बो चर्चमध्ये. कायद्याने माणूस त्या गादीचा बिशप होतो तो या क्षणी. १८४८ मध्ये हॅम्पडन यांच्या हेरफर्डच्या नेमणुकीला विरोध करणारे इथे हरकत घ्यायला आले होते. त्यांचे ऐकून घेतले गेले नाही, प्रकरण वरच्या कोर्टात गेले आणि नेमणूक टिकली.

३. माणूस आधी बिशप नसेल तर अभिषेक. किमान तीन बिशपांनी डोक्यावर हात ठेवावे लागतात. हा नियम ३२५ च्या नायसिया परिषदेइतका जुना. वय किमान ३० हवे.

४. राजापुढे निष्ठेची शपथ. गुडघे टेकून, जोडलेले हात राजाच्या हातांत देऊन. यानंतर गादीची ऐहिक मालमत्ता त्याच्या हवाली होते.

५. कॅथेड्रलमध्ये गादीवर बसवणे. बंद दारावर काठीने तीनदा ठोकायचे, आतून दार उघडते, वगैरे. लोकांच्या लक्षात राहतो तो हाच सोहळा, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात कमी महत्त्वाचा तोच.

बिशप आता कामाला लागला. फक्त त्यालाच करता येते असे काय? डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) आणि प्रीस्ट (पूर्ण पाळक) यांना दीक्षा देणे. डीकनला वय २३ आणि प्रीस्टला २४ ही खालची मर्यादा, आणि मधे साधारण एक वर्ष डीकन म्हणून काढावे लागते. उमेदवाराला राष्ट्रीय पातळीवरचे निवड मंडळ तपासते, पण ते फक्त सल्ला देते, हो-नाही बिशपचे. दुसरे, दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याची श्रद्धा डोक्यावर हात ठेवून पक्की करण्याचा विधी. अँग्लिकन परंपरेत ते साध्या पाळकाला करता येत नाही, कॅथलिकांत मात्र परवानगीने येते. म्हणून अँग्लिकन बिशपचे बरेचसे रविवार गावोगाव दृढीकरण करत जातात. तिसरे, नव्या चर्चचे आणि दफनभूमीचे पवित्रीकरण. एकदा जमीन पवित्र केली की ती कायमची चर्चच्या कायद्याखाली येते. पुढे दगड हलवण्याचे सगळे वाद उगवतात ते त्या एका सहीतून. चौथे, आणि रोजच्या कामात सगळ्यात वजनदार: पाळकांना परवाना देणे आणि काढून घेणे.

या चौथ्याकडे नीट पाहा, कारण बिशपची खरी ताकद आणि खरी मर्यादा दोन्ही इथे आहेत. पॅरिशचा, म्हणजे एका गावाच्या किंवा वस्तीच्या चर्च-मंडळीचा, कायम पाळक निवडतो तो बहुतेक वेळा बिशप नव्हेच. निवडीचा हक्क ‘पेट्रन’कडे असतो, आणि पेट्रन म्हणजे कोणी जमीनदार घराणे, ऑक्सफर्डचे एखादे कॉलेज, एखादी संस्था, राजा, किंवा कधी बिशप स्वतः. १९८६ च्या कायद्याने पेट्रनला ठरावीक मुदत मिळते. तेवढ्यात नाव आले नाही तर हक्क आर्चबिशपकडे जातो. पॅरिशचे दोन प्रतिनिधी नाव नाकारू शकतात, बिशपही कारण देऊन नाकारू शकतो. सगळे जुळले की बिशप त्या पाळकाच्या हाती आत्म्यांची जबाबदारी सोपवतो, आणि सोपवताना ती ‘तुझी आणि माझी’ अशी दोघांची म्हणून सोपवतो. चर्चची किल्ली हाती देणे हे आर्चडीकनचे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकाचे, काम. आर्चडीकन पाळकाचा हात दाराच्या किल्लीवर ठेवतो आणि पाळक घंटा वाजवून गावाला कळवतो.

असा एकदा बसलेला पाळक बिशपला सहज हलवता येत नाही. ३१ जानेवारी २०११ पासून आलेल्या ‘कॉमन टेन्युअर’खालीही, म्हणजे पाळकांच्या नेमणुकीच्या नव्या समान नियमांखालीही, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. ज्याच्याकडे उपासना चालवण्याची नुसती परवानगी आहे, उदाहरणार्थ निवृत्त पाळक, त्याच्या बाबतीत मात्र बिशपच्या एका पत्राने काम थांबू शकते. म्हणून एकाच गावातल्या दोन पाळकांना एकाच चुकीसाठी अगदी वेगळी वागणूक मिळाल्यासारखी दिसते, आणि लोक पक्षपाताचा आरोप करतात. फरक त्यांच्या कागदात असतो.

इथे ‘कॅनॉनिकल ओबीडियन्स’च्या शपथेबद्दल दोन शब्द. प्रत्येक पाळक बिशपची आज्ञा पाळण्याची शपथ घेतो, पण ‘सर्व कायदेशीर व प्रामाणिक गोष्टींत’ असे त्यात आहे. १८६३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्यातल्या अपिलांच्या वरच्या न्यायालयाने, केप टाउनच्या एका खटल्यात याचा अर्थ पक्का केला: बिशपला कायद्याने ज्या आज्ञा देण्याचा अधिकार आहे तेवढ्याच पाळायच्या. कायद्यात मनाई नाही म्हणून काहीही फर्मावता येत नाही. माझ्या मते अँग्लिकन बिशप समजून घ्यायला एवढे एकच प्रकरण पुरते.

दुसरा ढीग, त्याच्या नावाने दुसरा करतो तो. चर्चच्या इमारतीत किंवा आवारात बदल करायचा तर ‘फॅकल्टी’ लागते, म्हणजे चर्चच्या न्यायालयाची परवानगी. न्यायाधीश असतो चॅन्सलर. नेमतो बिशप, पण निकाल चॅन्सलरचा, आणि बिशपने त्याला फोन करून ‘एवढे करून टाका’ म्हणणे हे न्यायाधीशावर दबाव टाकण्यासारखेच. कामाचे तीन स्तर आहेत. किरकोळ दुरुस्ती ‘यादी अ’मध्ये, तिला विचारायची गरज नाही. मधली कामे ‘यादी ब’मध्ये, त्यांना आर्चडीकनची लेखी संमती पुरते. बाकी सगळ्याला फॅकल्टी: आधी डायोसिसच्या सल्लागार समितीचे मत, मग अर्ज आणि चर्चच्या दारावर २८ दिवस नोटीस. सगळ्यात जास्त गाडी अडते ती लोक क्रम उलटा करतात म्हणून. देणगी गोळा होते, सुताराला आगाऊ रक्कम जाते, बाक काढून टाकले जातात, आणि मग परवानगीचा अर्ज येतो. चॅन्सलर नंतरही परवानगी देऊ शकतो, पण खर्च आणि ताशेरे दोन्ही पॅरिशच्या माथी बसतात. थडग्यावरच्या दगडाचेही असेच. साधा, नियमात बसणारा दगड पाळकाच्या परवानगीने लागतो. चकचकीत ग्रॅनाइट, फोटो, वेगळा आकार हवा असेल तर फॅकल्टी. बिशपला पत्र लिहून वेळ जातो, हाती काही लागत नाही.

लग्नाचे परवानेही त्याच्या नावाने निघतात, देतो मात्र डायोसिसच्या रजिस्ट्रारचा, म्हणजे कायदेशीर अधिकाऱ्याचा, माणूस. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि चर्चमध्ये लग्न करू पाहणाऱ्या मराठी जोडप्यांनी लक्षात ठेवावे: मार्च २०१५ पासून बहुतेक भारतीय नागरिकांना बॅन्स, म्हणजे चर्चमध्ये वाचली जाणारी लग्नाची जाहीर सूचना, किंवा बिशपचा साधा परवाना चालत नाही. दोघांनी आधी नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायची, किमान २८ दिवस थांबायचे आणि तिथले प्रमाणपत्र पाळकाला द्यायचे. हॉलची तारीख ठरवण्याआधी हे करा.

तक्रारींचा भाग जरा बारकाईने सांगतो, कारण बिशप सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच. २००३ च्या क्लर्जी डिसिप्लिन मेझरप्रमाणे पाळकाविरुद्ध लेखी तक्रार आली की रजिस्ट्रार ती आधी तपासतो: तक्रार करणाऱ्याला हक्क आहे का, आरोप गंभीर आहे का. मग बिशपपुढे पाच वाटा असतात. काही न करणे, प्रकरण नोंदवून ठेवणे आणि पुन्हा चूक झाली तर उघडणे, समेट, संमतीने शिक्षा, किंवा औपचारिक चौकशी. तक्रारीला साधारण एक वर्षाची मुदत आहे, मुले आणि असहाय प्रौढांवरच्या लैंगिक अत्याचाराला ती लागू नाही. यंत्रणा कागदावर नीट दिसते. अडचण अशी की तोच बिशप त्या पाळकाचा आध्यात्मिक पितादेखील आहे. पाळक रडत घरी आला, बिशपने चहा पाजून धीर दिला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच पाळकाची फाइल त्याच्यापुढे आली, तर आता तो काय म्हणून बसणार? जाणते बिशप पहिल्या कुणकुणीलाच धीर द्यायला दुसऱ्या कोणाला तरी नेमतात आणि स्वतः लांब राहतात. अत्याचाराच्या तक्रारीत तर स्वतः विचारपूस करत बसणे ही घोडचूक. ती त्याच दिवशी डायोसिसच्या सुरक्षितता अधिकाऱ्याकडे आणि गरजेप्रमाणे पोलिसांकडे जायला हवी. मुलांवरच्या अत्याचाराच्या जॉन स्माइथ प्रकरणाच्या अहवालानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून ‘मी कोणाला तरी सांगितले होते’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

तिसऱ्या ढिगात पैसा आणि पुनर्रचना. बिशपचे मानधन चर्च कमिशनर्स, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणारी संस्था, देते, पण डायोसिसचा खर्च डायोसिसन बोर्ड ऑफ फायनान्स चालवते, आणि पॅरिशकडून येणारा वाटा डायोसिसन सिनड, म्हणजे डायोसिसची सभा, ठरवते. बिशप सिनडचा अध्यक्ष असतो, मालक नव्हे. चर्च बंद करणे किंवा दोन पॅरिश एक करणे यालाही लांबलचक प्रक्रिया आहे, आणि त्यावर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अपील जाते. म्हणून बऱ्याच ठिकाणी नवा पाळक नेमणे पाच वर्षांपर्यंत स्थगित ठेवतात आणि तात्पुरता प्रभारी पाळक बसवतात. कायद्यात हे बसते. गावाला मात्र यात आपले चर्च हळूहळू आटत चाललेले दिसते, आणि गाव अगदीच चुकत नाही.

दुय्यम बिशपांबद्दलही एक गैरसमज आहे. सफ्रगन बिशपला स्वतःचा डायोसिस नसतो. डायोसिसचा बिशप सोपवेल तेवढे काम तो करतो. १५३४ च्या कायद्याने ही सोय झाली, सोळाव्या शतकाअखेर ती बंद पडली आणि १८७० मध्ये पुन्हा सुरू झाली. स्त्रियांची दीक्षा न मानणाऱ्या पॅरिशसाठी १९९३ नंतर फिरते बिशप आले. ते आपली सेवा देतात, पण त्या पॅरिशवरचा कायदेशीर अधिकार डायोसिसच्या बिशपकडेच राहतो.

आता आपल्याकडे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने हिंदुस्थानासाठी एक बिशप आणि तीन आर्चडीकन मंजूर केले. बिशपला वर्षाला ५,००० पौंड, आर्चडीकनना २,००० प्रत्येकी. १८१४ मध्ये टॉमस मिडलटन यांचा अभिषेक लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात गाजावाजा न करता उरकला, कारण बिशप येणार म्हणून इथे लोक खवळतील अशी भीती होती. कोणी खवळले नाही. मिडलटनची अडचण वेगळीच निघाली: त्यांच्या अधिकारपत्रात फक्त कंपनीचे पाळक त्यांच्या हाताखाली दिसत होते. मिशनऱ्यांचे काय, आणि हिंदी माणसाला दीक्षा देता येते का, हे त्यांना स्पष्ट दिसेना, म्हणून त्यांनी दिलीच नाही. १८२३ च्या कायद्याने ती कोंडी फुटली आणि पुढचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली.

मुंबईची गादी १८३३ च्या सनदेतून आली. तिथले आर्चडीकन टॉमस कार हे १८३७ मध्ये पहिले बिशप झाले आणि कोटातले सेंट टॉमस चर्च कॅथेड्रल बनले. हे चर्च १७१८ मध्ये उघडलेले. ज्या वेशीतून तिथे जायचे ती चर्चगेट, आणि मुंबईचे मैलाचे दगड मोजायचे ते याच कॅथेड्रलपासून. त्या काळच्या बिशपचा वचक किती दूर पोचायचा याचे मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८० च्या दशकात त्या इंग्लंडात चेल्टनहॅमला होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवू नये अशी हरकत लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी पत्रांतून घेतली. रमाबाईंनी ती निमूट मान्य केली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर आणि १९२९ मध्ये नाशिक हे डायोसिस निघाले. व्ही. एस. अझरय्या १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झाले. हिंदी माणसांतले ते पहिले अँग्लिकन बिशप.

इथल्या बिशपचा पाया बदलला तो दक्षिण आफ्रिकेतल्या भांडणाने. नाताळचे बिशप कोलेन्सो यांना केप टाउनचे बिशप ग्रे यांनी १८६३ मध्ये पदच्युत केले. १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की जिथे स्वतःचे विधिमंडळ आहे अशा वसाहतीत राजाच्या अधिकारपत्राने बिशपला सक्तीची सत्ता मिळतच नाही. अर्थ असा झाला की इंग्लंडात बिशपची सत्ता देशाच्या कायद्यातून येते, आणि बाहेर ती सभासदांनी आपसांत मान्य केलेल्या घटनेतूनच उभी करावी लागते. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची १८६७ ची पहिली लॅम्बेथ परिषद याच गोंधळातून भरली. आणि तेव्हापासून कँटरबरीचे आर्चबिशप सर्व अँग्लिकनांचे आदराचे अध्यक्ष असले, तरी दुसऱ्या देशातल्या बिशपला ते हुकूम देऊ शकत नाहीत. कॅथलिकांशी असलेला सगळ्यात मोठा फरक हा. हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च सरकारपासून १९३० मध्ये सुटे झाले आणि स्वतःच्या घटनेवर उभे राहिले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाले, आणि मुंबईची अँग्लिकन गादी त्यात विरघळली. ‘अँग्लिकन बिशप ऑफ बॉम्बे’ असे पद तेव्हापासून नाही. सेंट टॉमस कॅथेड्रल आज सीएनआयच्या मुंबई डायोसिसचे आहे. बिशप ठेवला तो ‘घटनात्मक’ बिशप म्हणून. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन अशा मंडळ्यांना बिशप नको होता, म्हणून त्याला घटनेत आणि कौन्सिलांत बांधून घेतला. निवडीत डायोसिस आणि सिनड दोघांचा हात असतो, राजा किंवा सरकार कुठेच नाही. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या संघाचा, सभासद आहे, त्यामुळे तिथली दीक्षा इंग्लंडमध्ये मानली जाते. तरीही नाशिक किंवा कोल्हापूरच्या पाळकाला इंग्लंडमध्ये वेदीवर उभे राहायचे असेल तर १९६७ च्या कायद्याप्रमाणे आधी तिथल्या प्रांताच्या (कँटरबरी किंवा यॉर्कच्या) आर्चबिशपची लेखी परवानगी लागते आणि मग स्थानिक बिशपचा परवाना. त्यासाठी दीक्षेचा दाखला आणि आपल्या बिशपचे शिफारसपत्र निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावे. तिकडे पोचल्यावर मागवायला गेले तर रविवारमागून रविवार बाकावर बसून काढावे लागतात.